खाचरांची वांटणी आणि लेकीचा हक्क

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत जमिनीच्या वांटणीची गोष्ट निघाली, कीं पहिला विचार येतो तो एकरांचा नव्हे, तर खाचरांचा. भातसानगरच्या आसपास उतारावर एकाखालीं एक भातखाचरें असतात; वरच्याचें पाणी खालच्यांत उतरतें. जवळच्या वरकस जमिनीवरील पालापाचोळा जाळून राब भाजतात व त्यावर भाताचें रोप तयार करतात. तेव्हां एका भावाला खाचर आणि दुसऱ्याला वरकस देऊन भागत नाहीं. प्रत्येकाला दोहोंतला तुकडा हवा असतो, आणि पिढीगणिक तुकडे लहान होत जातात.

अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या तंबाखू पिकविणाऱ्या बड्या जमीनदारांत अगदीं उलट रीत होती. मृत्युपत्र नसेल तर सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाई; पुष्कळदां ती विकण्यासहि बंदी असे. इस्टेट अखंड राही, पण धाकट्यांचे हात रिकामे राहत. टॉमस जेफर्सन यांच्या पुढाकारानें विक्रीचें बंधन १७७६ सालीं गेलें आणि थोरल्याचा अग्रहक्क १७८५ च्या कायद्यानें रद्द झाला.

आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’नें वडिलोपार्जित मिळकतींत प्रत्येक मुलाला जन्मतःच हक्क दिला. उत्तर कोंकणांत नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’सहि मोठा मान होता, आणि त्यांत बहिणीला वारसांमध्यें इतरत्र नव्हतें असें स्थान मिळालें होतें. तरीहि मुलगे असतां लेकीच्या वांट्याला वडिलोपार्जित शेत येत नसे. १९३७ च्या कायद्यानें विधवेला पतीचा हिस्सा मिळाला, पण तोहि हयातीपुरताच. शेतांचे फार बारीक तुकडे होऊं नयेत म्हणून मुंबई सरकारनें १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा केला.

खरा पालट १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें झाला. मृत्युपत्र न करितां पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित जमिनींत मुलगा, मुलगी, विधवा व आई यांचे सारखे वांटे ठरले. समजा, एकाद्या गृहस्थाच्या मागें पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. तर प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला जन्मसिद्ध हक्क मात्र पुढें मिळाला. महाराष्ट्रानें तो २२ जून १९९४ पासून दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींना वगळलें. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तें बंधन उठलें. त्या दिवशीं वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. या भागांतील आदिवासी कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाहीं, आणि त्यांची जमीन बिगर आदिवासीस देण्यास महसूल कायद्यानें कडक निर्बंध आहेत.

कायदा असा स्पष्ट असला तरी दप्तरांत वेगळेंच चित्र दिसतें. वडिलांच्या पश्चात् सातबाऱ्यावर थोरल्या भावाचें नांव ‘एकत्र कुटुंबाचा मॅनेजर’ म्हणून लागतें आणि बहिणींचीं नांवें ‘इतर हक्क’ या रकान्यांत जातात किंवा मुळींच येत नाहींत. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे; परंतु भूसंपादनाची नोटीस त्याच उताऱ्यावरील नांवाला जाते. हा तालुका भातसा धरणाचा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धि महामार्गाचा टप्पा याच तालुक्यांतून जाऊन जून २०२५ मध्यें खुला झाला. अशा कामांत जमीन गेली, म्हणजे जिचें नांव कागदावर नाहीं तिचा हिस्साहि सहज नाहींसा होतो.

मग माहेरचें येणेंजाणें तुटूं नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा उठविते. तें पत्र नोंदणीकृत असावें लागतें आणि एकदां झालें कीं सहसा मागें फिरतां येत नाहीं. सही करण्यापूर्वीं आपण काय सोडीत आहोंत, हें तिला कळलें पाहिजे. समजून सोडणें निराळें आणि न कळतां गमावणें निराळें. घरांतील कर्त्या माणसानें वारसनोंद वेळेवर, सर्व भावंडांच्या नांवांसह करून घ्यावी. ज्याला कांहीं वेगळी व्यवस्था हवी असेल, त्यानें स्वकष्टाच्या मिळकतीचें व स्वतःच्या हिश्शाचें मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून ठेवावें. खाचरांतलें पाणी बांधाबांधानें उतरत शेवटच्या खाचरापर्यंत पोंचतें, तेव्हांच सारें भात पिकतें. घरांतील हक्काचेंहि तसेंच आहे.