‘उजव्या मेंदूची’ मुले नसतात

दहावीचा निकाल लागला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमचा मुलगा राइट-ब्रेनचा आहे, हिशेबाचं काम त्याला जमायचं नाही.’ शेजारची मुलगी ‘लेफ्ट-ब्रेनची’ ठरते आणि तिने चित्रकलेच्या वाटेला जाऊ नये असे घरात ठरून जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे पुढचे शिक्षण ज्या वाक्यावर ठरते, ते वाक्यच खोटे आहे. समुपदेशक म्हणवणारेही ते बिनदिक्कत सांगतात, म्हणून ते नीट खोडून काढणे भाग आहे.

गैरसमज : ज्यांचा डावा मेंदू प्रबळ, त्यांना नियमबद्ध काम आवडते, ज्यांचा उजवा प्रबळ, ते सर्जनशील असतात.

वस्तुस्थिती : या समजाचे मूळ खऱ्या संशोधनात आहे, पण त्याचा अर्थ पार वाकवला गेला. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि त्यांचे सहकारी काही अपस्माराच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. तीव्र झटके थांबवण्यासाठी या रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. त्यामुळे दोन्ही बाजूंचे काम वेगवेगळे तपासता आले. बोलण्याचे काम बहुतेकांत डावीकडे चालते आणि आकृत्या, जागेचे भान अशा काही कामांत उजवी बाजू सरस असते, हे त्यातून स्पष्ट झाले. या कामासाठी स्पेरी यांना १९८१मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून एवढेच सिद्ध होते, की काही कामे एका बाजूला अधिक होतात. काही माणसे एका बाजूची असतात, असे त्यात कुठेही नाही. या विभागणीचा अतिरेक होतो आहे, असा इशारा खुद्द स्पेरी यांनी दिला होता. तो कुणी ऐकला नाही.

माणसे खरोखर एका बाजूची असतात का, हेही तपासून झाले आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूंचे स्कॅन अभ्यासले आणि निष्कर्ष २०१३मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. काही जोडण्या एका बाजूला अधिक बळकट आढळल्या, पण ज्याचा संपूर्ण डावा किंवा संपूर्ण उजवा मेंदू वरचढ आहे असा वेगळा गट सापडला नाही. तसेही, कविता ही सर्जनशील गोष्ट; ती भाषेत होते आणि भाषा मुख्यतः डावीकडे. मग कवीचा मेंदू कोणत्या बाजूचा म्हणायचा?

या समजाखालचा दुसरा समज अधिक खोल रुजला आहे : नियम आणि सर्जन एकमेकांचे वैरी आहेत. ख्याल गाणारा गायक रागाचे वर्ज्य स्वर सांभाळतो, तालाचे आवर्तन धरतो, समेवर येतो आणि त्या चौकटीतच त्याची उपज फुलते. उलट, हिशेबातला घोटाळा शोधणाऱ्या लेखापरीक्षकाला ‘पैसे कुठून फिरवले असतील?’ याच्या दहा शक्यता मनात रचाव्या लागतात. जयंत नारळीकर गणिताच्या काटेकोर भाषेत विश्वाचा अभ्यास करत होते आणि मराठीत विज्ञानकथाही लिहीत होते. मानसशास्त्रातही काटेकोरपणा आणि नव्या अनुभवांची ओढ हे स्वभावाचे दोन स्वतंत्र पैलू मानले जातात. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात.

आता बाकीचे समज थोडक्यात.

‘बोटांच्या ठशांवरून कल कळतो.’ नाही. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच तयार होतात. त्यांचा आवडीनिवडीशी संबंध असल्याचा पुरावा नाही. ‘डीएमआयटी’ या ठशांच्या चाचणीच्या नावाखाली यासाठी पैसे घेतले जातात, ही पालकांची सरळ फसवणूक आहे.

‘चार अक्षरी व्यक्तिमत्त्व चाचणी माझा प्रकार सांगते.’ बहुतेकांचे गुण मधल्या भागात असतात. तिथेच रेघ मारून दोन गट पाडले जातात. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली, तर अनेकांचा प्रकार बदलतो.

‘कलचाचणीने सांगितले, म्हणजे जमणारच.’ कलचाचणी आवड मोजते, क्षमता नाही. शिवाय ज्या कामाची मुलाला ओळखच नाही, त्याबद्दल ते काय उत्तर देणार?

‘आवड एकदा ठरली की ठरली.’ कौशल्य वाढले की आवडही वाढते. पहिल्या आठवड्यातला कंटाळा पुष्कळदा न जमण्याचा असतो.

मग आपल्याला काय आवडते हे कळणार कसे? काम करून. चांगल्या प्रश्नावल्याही मदत करतात. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आवडीचे सहा प्रकार आहेत. कलेचे काम आणि ठरीव पद्धतीचे काम त्यात समोरासमोर येतात, पण हॉलंडही माणसाला एकच शिक्का मारत नाहीत. सर्वांत ठळक तीन प्रकार एकत्र वाचतात.

प्रश्नावलीच्या जोडीला प्रत्यक्ष काम हवे. गल्लीतल्या गणेशोत्सवात एका वर्षी वर्गणीची पावतीपुस्तके आणि जमाखर्च सांभाळा, पुढच्या वर्षी देखाव्याची कल्पना आणि सजावट अंगावर घ्या. मग स्वतःला विचारा : ‘तुला हवं तसं कर’ असे सांगितल्यावर हुरूप आला की धास्ती वाटली? रक्कम पैशापर्यंत जुळल्यावर समाधान झाले का? कुणी न सांगता कोणते काम पुन्हा हातात घेतले? आणि कोणत्या कामातला कंटाळवाणा भाग सोसवला? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण कंटाळवाणा भाग प्रत्येक कामात असतो. नाटकातही तोच प्रवेश तालमीत पुन्हा पुन्हा करावाच लागतो.

उत्तर बहुधा ‘दोन्ही, पण कमी-अधिक’ असे येईल. ते अपुरे उत्तर नाही. त्यावरून कोणत्या कामात किती मोकळीक आणि किती चौकट हवी, हे ठरवता येते. पालकांनो, चाचणीची फी भरण्याआधी मुलांना हे करून पाहायला वेळ द्या.