पझल गेमचा रिव्ह्यू कसा वाचायचा? पैसेही वाचवा, मजाही वाचवा!

नवीन गेमचा ट्रेलर आला की आमच्या जानेफळच्या पोट्ट्यांचा मला एकच प्रश्न असतो, "दादा, रिव्ह्यू कसे आहेत? घेऊ का?" रेसिंग किंवा फायटिंगचा गेम असेल तर उत्तर सोपं आहे. यूट्यूबवर दहा मिनिटं गेमप्ले बघायचा आणि ठरवायचं. पण ओपन वर्ल्ड पझल गेमला हा सल्ला चालत नाही. कोड्याचं उत्तर एकदा दिसलं की ते कोडं उरतच नाही. म्हणजे रिव्ह्यू वाचला नाही तर पैसे वाया जायची भीती, आणि जास्त वाचला तर गेमची मजा गेली. मग करायचं काय? चला, समजून घेऊ.

ओपन वर्ल्ड पझल गेम म्हणजे काय?

साध्या पझल गेममध्ये लेव्हल ओळीने येतात. सातव्या लेव्हलला अडकलात की आठवी बंद. ओपन वर्ल्डमध्ये मात्र अख्खं जग आधीपासून उघडं असतं. एक कोडं सुटत नसेल तर ते तिथंच सोडा, दुसरीकडे फिरा, डोकं चाललं की परत या.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'द विटनेस'. 'ब्रेड' हा गेम बनवणाऱ्या जोनाथन ब्लो यांचा हा पुढचा गेम. एक निर्जन बेट आणि त्यावर ५०० पेक्षा जास्त कोडी. बेटावरच्या फळ्यांवर एका गोल ठिपक्यापासून शेवटच्या टोकापर्यंत रेघ ओढायची, बस. लहानपणी वहीवर पेन्सिल न उचलता आकृती काढायचो ना, तसंच काहीसं. पण कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे गेम लिहून सांगत नाही. आधी सोपी फळी, मग थोडी अवघड. तुमचं चुकत जातं आणि त्यातूनच नियम कळतो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. अशा गेममध्ये दार उघडायची किल्ली म्हणजे तुम्हाला कळलेला नियम. व्हिडिओ बघून एका फळीचं उत्तर उतरवलं, तर ती फळी सुटेल. पण नियम कळलेला नसल्यामुळे पुढच्या दहा फळ्यांवर अडकाल. कॉपी करून पास झालेल्या पोराचं पुढच्या वर्गात होतं, तेच.

वर्षानुवर्षं वाट आणि मग एका दिवसात रिव्ह्यू

'द विटनेस'ची घोषणा २००९ मध्ये झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ च्या कार्यक्रमात तो दाखवला. आणि गेम हातात आला २६ जानेवारी २०१६ ला! किंमत ४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २,७०० रुपये. छोट्या टीमच्या गेमला एवढे पैसे द्यायचे का, यावर रिलीजच्या आधीच वाद रंगला होता. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष रिव्ह्यूंकडे.

रिव्ह्यू आले ते रिलीजच्या आदल्या दिवशी, सगळे जवळपास एकदम. याला एम्बार्गो म्हणतात. कंपनी समीक्षकांना गेम आधी देते, पण ठरलेल्या वेळेआधी लिहू नका अशी अट घालते. आयजीएनने १० पैकी १० दिले. मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशन आवृत्तीची सरासरी ८७ आहे. तरीही अनेक खेळाडूंना तो कंटाळवाणा, डोकं उठवणारा वाटला.

दोघंही खरं बोलत होते. फक्त ते वेगवेगळी माणसं होती. समीक्षकाला डेडलाइन असते. चार दिवस एका कोड्यावर घालवायला त्याला परवडत नाही. तुम्हाला तशी घाई नसते. रात्री अडकलेलं कोडं सकाळी चहा पिताना सुटतं, आणि या गेमचा खरा आनंद तोच. पण ज्याला रोज अर्ध्या तासात काहीतरी जिंकायचं असतं, त्याला हाच गेम शिक्षा वाटेल.

पुण्याचा 'राजी' काय शिकवतो?

आता आपल्याकडचं उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. हा ओपन वर्ल्ड नाही, लढाई आणि कोडी असं मिश्रण आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी टीम थांबली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

रिव्ह्यू मात्र संमिश्र होते. चित्रं, वास्तू आणि पुराणकथांचं कौतुक झालं, पण लढाईचा भाग आणि गेमची कमी लांबी यांवर तक्रारी होत्या. आता नुसता आकडा बघून तुम्हाला काय कळणार? गोष्टीसाठी खेळणाऱ्याला हा गेम आवडेल, फक्त मारामारीसाठी खेळणाऱ्याला कदाचित नाही. हे आकड्यात दिसत नाही, मजकुरात दिसतं.

आणखी एक. आपला गेम म्हणून डोळे झाकून पाच स्टार देऊ नका. मुंबईच्या गेमइऑनच्या 'मुंबई गल्लीज' या ओपन वर्ल्ड गेमची आपल्या पोरांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. वाट जरूर बघा, अभिमानही ठेवा. पण काय जमलंय आणि काय नाही हे स्पष्ट लिहिलं, तर टीमला पुढची आवृत्ती सुधारता येते आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या पोराचे पैसे वाचतात.

मग रिव्ह्यू वाचायचा कसा?

१. आधी शेवटचा परिच्छेद वाचा. निष्कर्ष तिथंच असतो आणि कोड्यांची उत्तरं शक्यतो नसतात. व्हिडिओ बघायचाच असेल तर शीर्षकात 'नो स्पॉयलर' असलेला निवडा आणि पहिली पाच मिनिटं बघून बंद करा.

२. १० वाला एक आणि ६ वाला एक, असे दोन रिव्ह्यू वाचा. ज्याच्या तक्रारी तुम्हालाही खटकतील, त्याचं ऐका. "गेम काहीच समजावून सांगत नाही" ही कुणासाठी तक्रार आहे, तर कुणासाठी जाहिरात.

३. स्टीमवरचे शब्द समजून घ्या. तिथं स्टार नसतात. किती टक्के लोकांनी गेमची शिफारस केली, त्यावर 'व्हेरी पॉझिटिव्ह' किंवा 'मिक्स्ड' असं लेबल लागतं. म्हणजे ते लेबल किती लोकांना आवडला ते सांगतं, किती आवडला ते नाही.

४. अचानक पडलेलं रेटिंग तपासा. मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक वादात प्ले स्टोअरवर टिकटॉकचं रेटिंग चारच्या वरून दोनच्या खाली आलं होतं. ॲप तेच होतं, लोक चिडले होते. याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. म्हणून तारखा बघा.

५. तुमच्या अडचणी रिव्ह्यूमध्ये शोधा. 'द विटनेस'मधली काही कोडी रंगांवर, तर काही आवाजांवर आहेत. रंग ओळखायला किंवा ऐकायला त्रास होत असेल, तर हे आधी माहीत हवं. मोबाईलवर खेळणाऱ्यांनी स्टोरेज, रॅम आणि ऑफलाइन चालतो का, हेही बघावं. रोजच्या दीड जीबी डेटात मोठा गेम डाउनलोड करणं म्हणजे आठवडाभराचं काम!

पैसे परत मिळतात का?

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर रिफंड मागता येतो. गुगल प्लेवर साधारण ४८ तासांत विनंती करता येते. पझल गेमसाठी दोन तास म्हणजे फक्त तोंडओळख, पण आपला स्वभाव आणि गेमचा स्वभाव जुळतो का हे ओळखायला तेवढे पुरतात.

आणि हो, फुकटात मिळतो म्हणून टेलिग्रामवरची मॉड एपीके टाकू नका. ज्या फोनमध्ये यूपीआय आहे, त्यात कुणी बनवली हे माहीत नसलेली फाइल घालायची नसते. त्यापेक्षा सेलची वाट बघा. कोडी काही जुनी होत नाहीत. २०१६ मधलं कोडं आज सोडवलं तरी तेवढीच मजा येते, फक्त त्याचं उत्तर तुम्ही आधी बघितलेलं नसावं.