पाळीव सोबती, भाग ४ : कुत्र्याची थाळी आणि रात्रीची साखळी

मांजरापेक्षा कुत्र्याचा पर्यावरणाचा हिशेब मोठा, कारण त्याचं पोट मोठं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये हा हिशेब मांडला. अमेरिकेतल्या सोळा कोटींहून अधिक कुत्र्या-मांजरांच्या मांसाहारी खाण्यापायी वर्षाला सुमारे ६.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उष्णतावाढीचे वायू हवेत जातात. तिथल्या पशुपालनाचा जमीन, पाणी, इंधनावर जो भार पडतो, त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त या प्राण्यांच्या वाट्याचा.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या इस्लामपुरातली थाळी वेगळी. इथं कुत्र्याला भाकरी मिळते, आणि ती त्याला पचतेही. लांडग्यापासून फारकत घेताना कुत्र्याने पिठूळ अन्न पचवण्याची ताकद कमावली, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकांवरून दाखवलं. मात्र नुसत्या दूध-भाकरीवर प्रथिनं कमी पडतात. त्यावरचा उपाय चिकनच्या दुकानातच आहे: पाय, मान, पोटा, काळीज. माणसाच्या ताटात फारसं न जाणारं हे मांस कुत्र्यासाठी घेतलं, तर त्याच्यापायी वेगळी कोंबडी कापावी लागत नाही. शिजवून, हाडं काढून द्यायचं, एवढंच. शिजलेलं हाड तडकून घशात किंवा आतड्यात रुततं. रविवारचा उरलेला तांबडा रस्सा मात्र मायेपोटीही ओतू नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

जातीचा प्रश्न फार ताणायला नको. थंड प्रदेशातला हस्की आणला की वैशाखात एसी आलाच. आखूड केसांचा, लांब पायांचा कारवानी याच दख्खनच्या उन्हात घडला. त्याला सावली आणि पाण्याची घमेली पुरते.

खरी गोम रात्रीची आहे. वाळवा-शिराळ्यात वस्त्या उसाच्या फडांत आहेत, आणि पश्चिमेला चांदोलीचं जंगल. बिबट्या उसात राहतो, तिथंच पिल्लं घालतो. तो खातो काय? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, अशाच ऊसपट्ट्यात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाद्य पाळीव प्राण्यांचं निघालं, आणि एकट्या कुत्र्यांचं ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा कुत्र्याच्या जवळपासही नव्हता. कारण साधं आहे: शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं मोकळं. राखणीला म्हणून अंगणात सोडलेलं कुत्रं बिबट्याला घराशी बोलावून आणतं. साखळीने बांधलं तर ते आयतंच सापडतं. म्हणून त्याला रात्री गोठ्याच्या जाळीआड किंवा पडवीत दार लावून घ्यावं.

मोकळं कुत्रं नुसतं भक्ष्य होत नाही, रोगही वाहून नेतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर मोकाट कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेकांना कधी ना कधी डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूजन्य रोगांची लागण होऊन गेल्याचं दिसलं. त्याच माळावर खोकड राहतं, आणि कुत्र्याचे रोग त्यालाही लागू शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, त्यातल्या काहींत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. गावात कुत्र्याला रेबीजची लस लोक टोचून घेतात, कारण भीती स्वतःच्या जिवाची असते. डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस खासगी खर्चाची, म्हणून ती राहून जाते. चांदोलीच्या कडेला राहणाऱ्यांनी तरी ती चुकवू नये. नसबंदीही तितकीच गरजेची, कारण नको असलेली पिल्लं पोत्यात घालून हायवेला सोडली जातात आणि तीच पुढे मोकाट होतात.

राहिले गोचीड. गुरांना लावतात तेच डेल्टामेथ्रिन कुत्र्यालाही चोळलं जातं आणि मग त्याला ओढ्यात किंवा कृष्णेच्या घाटावर धुतलं जातं. हे औषध पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी मासे मरतात, आणि ते मांजरालाही विषारी आहे. प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावं, औषध लावल्यावर काही दिवस कुत्र्याला पाण्यात उतरू देऊ नये, आणि उरलेलं पाणी ओढ्याकडे वाहणाऱ्या गटारात ओतू नये. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवल्या तर औषधही कमी लागतं. मादी गोचीड अंडी तिथंच घालते.

पुढच्या भागात : काचेच्या टाकीतून तळ्यात सोडलेले मासे आणि कासवं.