हिवतापात बोटं काळी का पडतात

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात गंभीर हिवतापाचा विषय निघाला की चर्चा मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर येऊन थांबते. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. दोन्ही पायांची बोटं सारखीच काळवंडणं, प्लीहेचा एखादा भाग रक्ताविना मरणं, मेंदूच्या शिरेत गुठळी होणं, हे मात्र ‘दुर्मिळ’ म्हणून तळटीपेत ढकललं जातं. गंभीर हिवताप घडवणाऱ्या फॅल्सिपेरम या परजीवीचा खरा स्वभाव त्या तळटीपेतच दिसतो, हे माझं जुनं म्हणणं आहे. इतिहासातही असंच झालं. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) तेव्हा त्याच निजामी राज्यात होते. रॉस सर्वांना ठाऊक असतात. पण त्याच दशकात मार्कियाफावा आणि बिन्यामी या इटालियनांनी मृतांच्या मेंदूतल्या केशवाहिन्या बाधित रक्तपेशींनी तुंबलेल्या पाहिल्या, त्यांची आठवण कोणी काढत नाही.

काळ्या पडलेल्या बोटाच्या वर, घोट्याशी, नाडी बहुधा चांगली लागते. म्हणजे मोठी धमनी मोकळी आहे. अडथळा केशवाहिनीत आहे. बाधित पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन तिला वाहिनीच्या अस्तराला चिकटवतं. 2013 मध्ये कळलं की यातली काही प्रथिनं नेमकी त्याच ग्राहीला धरतात, जिच्या मदतीनं शरीर गुठळ्यांना आवर घालतं. चिकटणं आणि गोठणं एकाच जागी सुरू होतं. काही जाणकार म्हणतात, हा जंतुसंसर्गाचा किंवा रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांचा परिणाम. ही शंका खरी आहे, म्हणून रक्ताचं कल्चर करायलाच हवं. पण रक्तदाब मुळीच न पडलेल्या रुग्णांतही अशी बोटं नोंदवली गेली आहेत, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. गुठळी म्हटली की हेपॅरिनकडे हात जातो. इथे प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हातपाय थंड पडले म्हणून सलाईनचा भडिमार करणंही तितकंच घातक. आफ्रिकेतल्या 3141 आजारी मुलांवरच्या 2011 च्या अभ्यासात झपाट्यानं सलाईन दिलेल्यांत मृत्यू वाढले, आणि अभ्यासातल्या निम्म्याहून अधिक मुलांना हिवताप होता. मोठ्यांत फुप्फुसांत पाणी भरतं. चिकटलेला परजीवी मारणं हाच उपाय. परजीवी मारणाऱ्या औषधांच्या 2005 च्या आशियाई चाचणीत, ज्यात भारतही होता, क्विनाइनवर 22 टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवर 15.

हजारात एखाद्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरचा वेळ का घालवायचा, असा आक्षेप येतो. पण बोटात जे घडतं तेच आतड्यात, मूत्रपिंडात, मेंदूत घडतं. फक्त बोट उघड्या डोळ्यांनी दिसतं. पांघरूण सारून पाय पाहायला मिनिटही लागत नाही. ती सवय मोडते आहे, आणि तिच्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी वाचण्याचीही. हिवतापाचं झटपट किट ‘आहे’ किंवा ‘नाही’, फार तर परजीवीची जात, एवढंच सांगतं. परजीवी किती, त्यांचं वय काय, पांढऱ्या पेशींत त्यांचं काळं रंगद्रव्य किती, हे पट्टीवरच दिसतं. केशवाहिन्यांत किती दडले आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. दूरच्या गावात किट हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण किट आलं म्हणून सूक्ष्मदर्शक झाकून ठेवणं मला मान्य नाही. आणि रुग्णाला कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबादला पाठवण्याआधी आर्टेसुनेटचं पहिलं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच, शीर सापडली नाही तर स्नायूत, द्यायला हवं. पुढे शल्यविशारदानंही घाई करू नये: मेलेल्या आणि जिवंत भागातली सीमा स्पष्ट होईपर्यंत थांबलं, तर पुष्कळदा कापायचा भाग कमी होतो.