कपाटातल्या कॅसेटी आणि आपली बोली

सीमाभागातील किती तरी घरांच्या कपाटांत लग्नाच्या, बारशाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्या लावायला व्हीसीआर उरलेला नाही आणि दमट हवेने फितीला बुरशी लागते. याच फितींत आपल्या गावांची मराठी बोललेली, गायलेली, भांडलेली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यांतून पाच मिनिटांचा लघुपट जुळवावा, असे आम्ही सुचवतो.

ही रीत जुनी आहे. एस्फिर शुब या रशियन बाईंनी १९२७ साली झारच्या घरगुती चित्रफिती आणि जुनी वार्ताचित्रे धुंडाळून 'रोमानोव्ह घराण्याचा पाडाव' हा चित्रपट निव्वळ जुळणीतून उभा केला. त्यांच्याच देशातील लेव्ह कुलेशोव्ह यांनी दाखवले की, नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या ताटलीनंतर भुकेला भासतो, शवपेटीनंतर दुःखी. दोन चित्रांच्या सांध्यात तिसरा अर्थ उपजतो. हाच मोंताज.

आधी नोंदवही

प्रत्येक कॅसेटचा प्रसंग, गाव, साल आणि कोण काय बोलते, हे वहीत उतरवावे. बुरशी लागलेली फीत यंत्रात घालू नये. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. संगणकावर नक्कल उतरवून मूळ कॅसेट मालकाला परत करावी. घरच्यांची परवानगी लेखी घ्यावी.

लग्नाच्या बहुतेक फितींवर व्हिडिओवाल्याने सिनेमाची गाणी चढवलेली असतात. त्यांखाली माणसांचे बोलणे पुसले गेले, शिवाय गाण्यांचे हक्कही दुसऱ्याचे. म्हणून मूळ आवाजासह वाचलेला उखाणा किंवा पंगतीतला आग्रह सोन्याच्या मोलाचा.

मग एकच प्रश्न ठरवावा : आजीची मराठी नातीपर्यंत किती पोचली? प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी करून जमिनीवर मांडावी, क्रम बदलून पाहावा. आजीच्या उखाण्याला नातीचा आजचा उखाणा जोडला, तर निवेदनाची गरज उरणार नाही.

सांधा खोटा नको

रविवारचा रिकामा वर्ग दाखवून 'शाळा ओस पडली' असे भासवणे सोपे आहे. पण तसे एकदा उघडकीस आले की आपल्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून प्रत्येक चित्राखाली गाव आणि साल छापावे.

लघुपट आधी गावातच दाखवावा. पडद्यावरचा आवाज कोणाचा, तो शब्द कोणत्या वाडीचा, हे ओळखणारी माणसे अजून आहेत. ती आहेत तोवर वही उघडावी.