दारफाळणीचा सण

दोस्तांनो, ‘दारफाळणीचा सण’ ऐकलाय? कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी योम किप्पूरला दिलेलं हे नाव. पूर्वी त्या दिवशी घरांची दारं बंद ठेवत. सुमारे २५ तास अन्न नाही, पाणीसुद्धा नाही! मुलगा १३ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची झाली की त्यांनाही उपास. शिवाय ज्याला दुखावलं, त्याची माफी मागायची.

१९४८ नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले. त्यामुळे वर्गात असा मित्र असलाच, तर एखादाच. सण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, अगदी चाचणीच्या सुमाराला! ‘दांडी मारलीस ना?’ म्हणून त्याला चिडवू नका. तारीख आधीच विचारून ठेवा आणि बाईंना सांगा. पेपर एक दिवस पुढे गेला तर बिघडलं कुठे?