अपडेट आलं आणि फोन मुका झाला

आज बोलायचं आहे फोनच्या अपडेटबद्दल. अपडेट आलं की बटणाचा रंग बदलतो, जागा बदलते, आणि दोन दिवसांत आपल्याला सवय होते. पण ज्या ताईला दिसत नाही, जी फोनचा आवाज ऐकून व्यवहार करते, तिचं सगळं काम त्या एका अपडेटनं अडू शकतं. नाशिक जिल्ह्यात बचत गटांचं काम करताना ही अडचण आमच्या कानावर येते, म्हणून हा विषय घेतला.

आधी नोटांचं पाहू, कारण तो बदल आपण सगळ्यांनी अनुभवलाय. जुनी शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब होती, जुनी पाचशेची 167. म्हणजे एक सेंटिमीटरचा फरक. दृष्टिहीन माणूस बोटांनी मापून नोट ओळखायचा. 2016 च्या नोटबंदीनंतर नव्या नोटा आल्या. आता शंभराची 142, दोनशेची 146 आणि पाचशेची 150 मिलिमीटर आहे. फरक राहिला चार-चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. वर्षानुवर्षांची बोटांची सवय मोडली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोटांचा आकार सारखा का बदलता, असं न्यायालयानं 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेला विचारलं. मग 1 जानेवारी 2020 ला रिझर्व्ह बँकेनं ‘मनी’ नावाचं मोफत अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किती रुपयांची ते सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही.

म्हणजे नोट ओळखायलाही फोन आला. आणि फोन तर सारखा बदलत असतो.

दृष्टिहीन ताई फोन कसा वापरते? अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो. दोनदा टकटक केलं की ते बटण दाबलं जातं. पण बटणावरचं चित्र पाहून फोन सहसा बोलत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यानं त्या बटणामागे जे नाव लिहून ठेवलंय, ते तो वाचतो.

आपल्या फळीवरचे डबे आठवा. मीठ कुठं, साखर कुठं, हाताला माहीत असतं. कुणी न सांगता डबे हलवले आणि वरच्या चिठ्ठ्याही काढल्या, तर? अपडेटमध्ये नेमकं हेच होतं.

एक, नाव जातं. नवं बटण बसवताना त्यामागे नाव लिहायचं राहतं. फोन नुसता “बटण, बटण” म्हणत राहतो. पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, कळत नाही.

दोन, जागा बदलते. “वरून तिसरं” असं पाठ केलेलं असतं, तिथं आता एखादी जाहिरात येते.

तीन, सुरक्षेच्या नावाखाली दार बंद होतं. फसवणूक करणारी काही अ‍ॅप्स पडद्यावरचं वाचायची परवानगी मागतात. टॉकबॅकलाही तीच परवानगी लागते. म्हणून काही अ‍ॅप्स अशी सोय चालू दिसली की कामच थांबवतात. चोरासाठी लावलेलं कुलूप घरच्याच माणसाला अडवतं.

यात नुकसान काय होतं? कालपर्यंत जी ताई स्वतःचा हप्ता स्वतः भरत होती, तिला आज पुतण्याला नाहीतर शेजाऱ्याला पिन सांगावा लागतो. खात्यात किती आहेत, कुणाला किती दिले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. आपल्या पैशावरचा आपला ताबा जातो. बचत गट आपण काढले ते हा ताबा मिळावा म्हणूनच ना?

मग अपडेट बंदच ठेवायचं का? नाही. चोरांपासून बचाव करणाऱ्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. पण काळजी घेता येते. प्ले स्टोअरमध्ये बँकेच्या अ‍ॅपच्या पानावर, कोपऱ्यातल्या तीन टिंबांत, आपोआप अपडेटची खूण काढता येते. मग ते अपडेट आधी गटातल्या दुसऱ्या ताईच्या फोनवर घ्या, टॉकबॅक लावून सगळी बटणं बोलतात का ऐका, आणि मगच या ताईच्या फोनवर घ्या. महिन्याचा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी तर अपडेट घेऊच नका.

अ‍ॅप अडलंच, तर बँकेत जाऊन हक्कानं बोला. दिसत नाही म्हणून चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच बँकांना कळवलंय. दिव्यांगांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी सूचना 2017 ची आहे. आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला लावतात. ती ज्यांना जमत नाही, त्यांना दुसरा मार्ग द्या, असंही त्यात आहे.

तक्रार तोंडी नको, लेखी करा. कुठल्या तारखेच्या अपडेटनंतर कुठलं बटण बोलायचं थांबलं, ते लिहा. अर्जाला गटाचा ठराव जोडा आणि पोच घ्या. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

तुमच्या गटात किंवा गावात अशी ताई असेल, तर येत्या बैठकीत तिला विचारा: फोन अजून नीट बोलतो ना? आणि “आण, मीच करून देते” असं म्हणून तिचा फोन हातात घेऊ नका. तिला स्वतःला करता यावं, यासाठी तिच्यासोबत बँकेत चला.